खाऊच्या पैशांचा हिशोब: नाशिकच्या हिरावाडीतल्या एका घराच्या तीन महिन्यांच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

सिन्नरला बारशाला गेलो होतो. निघताना मामेसासऱ्यांनी दोन्ही मुलांच्या हातावर शंभर-शंभर ठेवले, "खाऊला घ्या" म्हणाले. गाडीत बसल्याबरोबर मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला, "दे इकडे, मी ठेवते." थोरलीने दिले. ती अकरा वर्षांची आहे. द्वारका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "आई, आजवर ठेवलेस ते सगळे कुठे आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. तिच्या जन्मापासून बारशी, मुंजी, लग्नं, दिवाळी, भाऊबीज असे किती पैसे आले आणि कुठे गेले, काहीच माहीत नाही. काही पर्समध्ये गेले, काही दूधवाल्याला. आठ वर्षांचा धाकटा म्हणाला, "आईने ठेवले म्हणजे संपले."

मुलांना पैसा कळत नाही अशी तक्रार मी बरेचदा केली आहे. ह्या बाबतीत आधी माझंच चुकलं आहे. म्हणून ही वही. कोणाला घरी असंच काही करायचं असेल तर आमच्या चुका तरी टळतील.

१६ एप्रिल, बुधवार

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही चौघे आणि आजी-आबा असे बसलो. आठवतील ती पाकिटं मोजायला घेतली, पण तासाभरात नाद सोडला. पक्का आकडा निघणं शक्यच नव्हतं. शेवटी थोरलीशी तीन हजारांवर आणि धाकट्याशी दीड हजारांवर तोड झाली. बारा महिने, दर महिन्याच्या पाच तारखेला तिला २५० आणि त्याला १२५ द्यायचे. कागदावर लिहून मी आणि नवऱ्याने सह्या केल्या.

थोरलीच्या नावाने २०१६ मध्ये सुकन्या खातं (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) उघडलं होतं, त्याचं पासबुकही दाखवलं. असं खातं आपल्या नावावर आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच ते उघडता येतं आणि वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. सध्याचा दर ८.२ टक्के आहे. तिने पासबुकातल्या नोंदी बोट फिरवत वाचल्या. "हे आत्ता काढता येणार नाहीत?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. ठीक आहे.

आबा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेत. धाकट्याने त्यांना गंभीरपणे विचारलं, "नोटा तर तुम्हीच छापायचात, मग तेव्हा थोड्या का नाही आणल्या?" आबा म्हणाले, "तिथं प्रत्येक ताव मोजलेला असतो रे. खराब झालेलासुद्धा मोजूनच जमा करायचा. नोट छापणाऱ्याला नोट मिळत नाही, पगार मिळतो." धाकटा हे उद्या खाली खेळायला गेल्यावर सगळ्या पोरांना सांगणार.

२० एप्रिल, रविवार

खाऊचे पैसे सुरू केले. दर रविवारी सकाळी थोरलीला ६० आणि धाकट्याला ४०. मातीचे दोन गल्ले आणले, प्रत्येकी ७० रुपये.

२७ एप्रिल, रविवार

गल्ले फुकट गेले. मातीच्या गल्ल्यात टाकलेले पैसे दिसत नाहीत, मोजता येत नाहीत, आणि फोडायचा तर एकदाच. धाकट्याने आठवडाभर चिमट्याने नाणी बाहेर ओढायचा खेळ केला. १४० रुपये गेले. आता लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या धुऊन दिल्या आहेत. पैसे दिसतात, चढले-उतरले तेही दिसतं. ह्याला एक पैसा लागला नाही.

दुसरी चूक जास्त मोठी होती. खाऊच्या पैशात काय काय बसतं हे मी ठरवलंच नव्हतं. दोघांनी स्वतःचा एकही रुपया खर्च केला नाही, कारण गोळा आजीने दिला, चिकी आबांनी दिली आणि मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट मी आणली. बचत झाली म्हणून मी खूशही झाले होते! आज कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं: बाहेरचा खाऊ, गोळा-आइस्क्रीम, मित्रमैत्रिणींच्या भेटी, स्टिकर, पत्ते हे सगळं त्यांच्या बरणीतून. जेवण, औषध, शाळा, कपडे आमच्याकडून. आजीला हा कागद आवडलेला नाही. "नातवाला गोळा द्यायला आता कागद बघायचा का?" म्हणाल्या. महिन्यातून दोनदा आजीचा गोळा चालेल, असं ठरलं.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

सुट्टीचा मुख्य प्रयोग आज सुरू. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी मुलांनी आणायची. मी सोबत असेन, पण बोलणार नाही. मी २०० रुपये दिले. वाचले तर दोघांत वाटून घ्यायचे, कमी पडले तर राहिलेली भाजी ह्या आठवड्यात नाही.

आंबे मी वेगळे घेतले, सणाचा हिशोब त्यांच्या गळ्यात नको.

थोरलीने पहिल्याच गाळ्यावर टोमॅटो ४० रुपये किलोने घेतले. चार गाळे पुढे तेच टोमॅटो २५ ला होते. तिचा चेहरा उतरला. परत जाऊन बदलून घेऊ का, विचारलं. मी काही बोलले नाही. धाकट्याला कैरी दिसली, ती यादीत नव्हती, तरी अर्धा किलो घेतली. २०० रुपये सव्वा तासात संपले आणि बटाटे राहिलेच. आठवडाभर घरात बटाटा नाही, वडेही नाहीत.

खरं सांगायचं तर घरी आल्यावर मला फार वाटत होतं की गुपचूप किलोभर बटाटे आणून ठेवावेत. नाही आणले.

७ मे, बुधवार

आज दोघांनी आधी रिकाम्या हाताने पूर्ण बाजाराची एक फेरी मारली. ही युक्ती त्यांचीच. थोरलीने वहीत भाव लिहिले, मग खरेदी. १७० रुपयांत सगळं आलं, बटाट्यांसकट. १५-१५ रुपये बरण्यांत गेले.

मधेच माझ्याजवळच्या फोनवरून पैसे देता का असं एका भाजीवाल्याने विचारलं, सुट्टे नव्हते म्हणून. मी फोनवरून दिले आणि लगेच घोळ झाला. ते ३० रुपये दोघांच्याही हिशोबातून निसटले, घरी येऊन जुळेना. हातातली नोट मोडली की कळतं, फोनमधून गेलेलं मुलांना जाणवत नाही. निदान ह्या सुट्टीत सगळा व्यवहार रोखीने. निघण्याआधी दहा-वीसच्या नोटा आणि नाणी करून न्यायची, हे ज्यांना करायचंय त्यांनी लक्षात ठेवा.

घासाघीस ही आणखी एक गोष्ट. एका म्हाताऱ्या बाईंकडे मेथीच्या दोनच जुड्या उरल्या होत्या. त्या वीस म्हणाल्या, थोरली पंधरावर अडून बसली, आणि तिने घेतल्याही पंधराला. येताना ती विजयी होती. मी तिला विचारलं, काल वाण्याकडे बिस्किटांच्या पुड्यावर छापील किंमत होती, तिथे का नाही मागितलीस कमी? आबा म्हणाले, मागता येतेच, एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, त्याखाली दुकानदार देऊ शकतो. मुलीने कधी तिथे मागितलं नव्हतं, आणि मीही नाही. जो समोर उन्हात बसलाय त्याच्याशीच आपण पाच रुपयांसाठी भांडतो, हे मला तिच्या तोंडून मेथीचा भाव ऐकेपर्यंत दिसलं नव्हतं. आमच्यात आता असं आहे: भाव विचारायचा, चार ठिकाणी तोलायचा, नाही परवडलं तर पुढे जायचं. संध्याकाळी उरलेली शेवटची भाजी घेताना पाडून मागायचं नाही.

११ मे, रविवार

हे प्रकरण आज बंद केलं, म्हणून आजच लिहिते. १ मे पासून मी घरातल्या कामांना पैसे लावले होते. कपड्यांच्या घड्या पाच रुपये, झाडांना पाणी तीन, गाडी पुसणं दहा. कष्टाने पैसा मिळतो हे कळावं म्हणून. दहा दिवसांत १२६ रुपये दिले.

काल दुपारी आजींनी धाकट्याकडे प्यायला पाणी मागितलं. तो उठला, पाणी आणलं, पेला हातात दिला आणि विचारलं, "ह्याचे किती?"

त्याला काही वाईट वाटलं नाही, तो सरळ विचारत होता. आजींनी पेला खाली ठेवला. पाणी प्यायल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्याशीही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. घरात राहणाऱ्याने घरचं काम करायचं असतं, त्याला दर लावला की न करण्याचाही हक्क विकत मिळतो. थोरलीने तर शनिवारी सांगितलंच होतं, "आज मला पैसे नकोत, म्हणून घड्या नाही करत."

रात्री मी दोघांना जवळ घेऊन सांगितलं की ही माझी चूक होती. दरपत्रक फाडलं. घरची कामं बिनपैशाची. पैसे मिळवायचेच असतील तर जे काम मी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेते तेवढंच. सध्या असं एकच आहे: रद्दी बांधून, वजन करून रद्दीवाल्याला देणं. आलेल्या पैशातला निम्मा भाग त्यांचा. धाकटा आज स्वतःहून आजीच्या पायाला तेल लावत बसला. मी काही बोलले नाही.

२४ मे, शनिवार

भरपूर पाऊस झालाय ह्या महिन्यात, अवकाळी. बुधवारच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी बघता बघता महागली आणि मुलांनी आपणहून पालेभाजी कमी करून दुधी आणि भोपळा घेतला. ह्याबद्दल मी एक शब्दही शिकवला नव्हता.

आज वेफर्सचा हिशोब केला. दहा रुपयांचं पाकीट, वजन २२ ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला जवळजवळ ४५ पैसे. फरसाणवाल्याकडे सुटे वेफर्स पाव किलो ८० रुपये, म्हणजे ३२ पैसे. धाकट्याने पाटीवर भागाकार केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आला. मग तो वाण्याकडे गेला आणि दहाचं पाकीटच घेऊन आला! का रे? "पाव किलो घ्यायला ऐंशी रुपये लागतात. माझ्याकडे बावीस आहेत. आणि हे एकट्याला खाता येतं."

मी नाराज झाले होते, पण आबा म्हणाले, "त्याने हिशोब करूनच घेतलंय. आता काय घ्यायचं हे त्याने ठरवायचं." आबांचं पटलं. फक्त थोरलीने पुढच्या वेळी चौघा मित्रांत मिळून पाव किलो घ्यायची योजना त्याच्या डोक्यात घातली आहे.

३१ मे, शनिवार

आज घरच्या बँकेचा महिना भरला आणि रडारड झाली.

महिन्याच्या सुरुवातीला मी जाहीर केलं होतं की जो पैसे माझ्याकडे ठेवेल त्याला महिन्याला शेकडा दहा व्याज. साठवण्याची गोडी लागावी म्हणून दर मुद्दाम मोठा ठेवला. पाच तारखेला पाकिटांचा पहिला हप्ता वेळेवर दिला, त्यामुळे दोघांकडे पैसे होते. थोरलीने ४०० ठेवले. आज ४० रुपये व्याज मोजून दिलं तेव्हा धाकट्याने विचारलं, "माझं?" मग बाहेर आलं की त्या ४०० मधले १५० त्याचे होते. ताईने त्याच्याकडून उसने घेतले होते, बिनव्याजी, आणि ते माझ्याकडे ठेवले होते.

धाकटा ओक्साबोक्शी रडला. थोरली म्हणाली, "मी त्याला फसवलं नाही, त्याचे दीडशे परत देतेच आहे." तेही खरं होतं. मला रागवावं की शाबासकी द्यावी कळेना. आबा मात्र खूश झाले. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "बँक हेच करते. तुमच्याकडून थोड्या व्याजाने घेते, दुसऱ्याला जास्त व्याजाने देते. फक्त बँक देणाऱ्याला दर आधी सांगते. तू सांगितला नाहीस." दीडशेवरचं व्याज पंधरा रुपये होतं. वाटाघाटी होऊन दहा धाकट्याला आणि पाच थोरलीला.

चूक दराची होती. घरात महिन्याला दहा टक्के बघितलेल्या मुलाला बाहेरचं कुठलंच व्याज खरं वाटणार नाही, आणि पुढे कोणी "पैसे लवकर दुप्पट" म्हणालं तर त्यालाच ते खरं वाटेल. ही भीती मला रात्री झोपू देईना. जूनपासून घरची बँक बंद, खऱ्या खात्यात जायचं.

१२ जून, गुरुवार

पोस्टात बचत खातं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने खातं उघडून स्वतः चालवता येतं. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिलला नव्याने परिपत्रक काढलंय, त्यातही दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेच्या अटींत हे करता येतं. धाकट्याचं खातं पालक म्हणून माझ्यामार्फत. पोस्टात किमान ५०० रुपये लागतात.

सोमवारी, ९ तारखेला पहिली फेरी वाया गेली. मी जन्मदाखला घरी विसरले. दोन तास गेले. आज दुसरी फेरी. थोरलीने फॉर्मवर तीन ठिकाणी तीन वेगळ्या सह्या केल्या, नवा फॉर्म घ्यावा लागला. आधी घरी सहीचा सराव करून घ्या, हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि खरी चूक तारखेची. पोस्टाच्या बचत खात्यात महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असते तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. आम्ही बाराला भरले, जून गेला. वर्षाला चार टक्क्यांनी पाचशेवर महिन्याचे एक रुपया सदुसष्ट पैसे. थोरलीने हा आकडा स्वतः काढला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "सोमवारी दाखला आणला असतास तर." वर्षाला पाचशेवर फक्त वीस रुपये मिळतात हे कळल्यावर मात्र दोघंही गप्प झाले. दहा टक्क्यांची चटक मी लावली होती, ती उतरायला वेळ लागेल.

ह्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. पाच जूनचा हप्ता मी विसरले. नऊ तारखेला थोरलीने सह्यांचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. काही बोलली नाही. मी ३७५ रुपये दिले आणि उशिराबद्दल दोघांना पाच-पाच रुपये दंड स्वतःहून दिला.

१४ जून, शनिवार

सोमवारी शाळा. मेन रोडला वह्या-पुस्तकांची खरेदी, थोरलीच्या हातात १६०० रुपये आणि यादी. बारा वह्या, कंपास, पेनं, कव्हरचा कागद, बाटली, रेनकोट. पहिल्याच दुकानात तिला स्टीलची ६५० रुपयांची बाटली आवडली. मी म्हटलं, यादी पूर्ण वाच. तिने वाचली आणि बाटली घेतली. मग वह्यांचे ६६०, कंपास १२०, पेनं-पेन्सिली ११०. उरले ६०. रेनकोट ४०० च्या पुढे, कव्हरचा कागद ८० चा.

घरी येऊन तिने भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घातली. कोरी बाजू बाहेर काढून, रात्री दहापर्यंत बसली होती.

१७ जून, मंगळवार

गेल्या वर्षीचा रेनकोट थोरलीला कोपरापर्यंतच येतो. काल भिजून आली, आज शिंका. संध्याकाळी नवा रेनकोट खुंटीवर दिसला. आजींनी ५०० दिले होते.

माझा आवाज चढला. असं दर वेळी तिला सावरत राहिलो तर कशाला हे सगळं, असं म्हणाले. आजी शांतपणे म्हणाल्या, "बाटली घेतली हे तिचं चुकलं. पण पावसात भिजवून शिकवायचं नसतं, सूनबाई." मी रात्री बराच वेळ विचार केला. रेनकोट त्या यादीत घालायलाच नको होता. फ्रिजवरच्या कागदावर मीच लिहिलं होतं, औषध आणि कपडे आमच्याकडून. चुकलं तर वस्तू जावी, हौस जावी. तब्येत जाईल अशी गोष्ट मुलाच्या बजेटमध्ये ठेवायची नाही. आजींना ५०० परत दिले. त्या घेत नव्हत्या, त्यांच्या डब्यात ठेवून आले. कॅलेंडरची कव्हरं मात्र तशीच आहेत, नवा कागद आणायचा नाही असं थोरलीनेच ठरवलंय.

२८ जून, शनिवार

फोनचा सराव केला. नवऱ्याने दुसऱ्या नंबरवरून थोरलीला माझ्या फोनवर मेसेज पाठवला, "बक्षीस लागलं, घेण्यासाठी पिन टाका." तिने पिन विचारला. थांबवलं आणि सांगितलं: पैसे येताना पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जातात. आणि गेलेच तर लपवायचं नाही, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. लपवायचं नाही हे मी तीनदा सांगितलं.

६ जुलै, रविवार, आषाढी

काल, पाच तारखेला, हप्ता वेळेवर दिला. आज मावशी आली होती, उपवासाचं खाऊन संध्याकाळी निघाली. दारात दोघांच्या हातावर शंभर-शंभर ठेवले. ती जिना उतरली आणि माझा हात सवयीने पुढे गेला.

धाकट्याने नोट दिली. मग आत जाऊन वही आणली, पान काढून तारीख टाकली, "मावशी, १००, आईकडे" असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

सही केली. उद्या पोस्टात भरते, दहा तारखेच्या आत.